एकशे चाळीस टॅब, एक टाचण

संदर्भ ग्रंथपाल म्हणून काम करायला लागले तेव्हा वाचक माझ्या टेबलापाशी चिठ्ठी घेऊन यायचे. चिठ्ठीवर एक प्रश्न असायचा. आता ते उघडा लॅपटॉप घेऊन येतात आणि पडद्याच्या वरच्या कडेला टॅबची इतकी दाटी असते की एकाही पानाचं नाव वाचता येत नाही. प्रश्न काय आहे, हे विचारल्यावर ते टॅब शोधू लागतात. या वेळच्या टपालात याच अडचणीची पत्रं जास्त आहेत, म्हणून अख्खं सदर त्यांनाच देते आहे. काहींनी नाव छापू नका असं कळवलं, त्यामुळे कुणाचंच छापलेलं नाही.

ताई, मी पीएच.डी. करते आहे. विषय १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना. आत्ता माझ्या लॅपटॉपवर तीन विंडोंत मिळून १४० टॅब उघडे आहेत, काही तर मार्चपासूनचे. बंद करायला हात धजावत नाही, कारण नेमकं कुठलं लागेल ते सांगता येत नाही. सर म्हणतात, पहिलं प्रकरण लिहून आणा. मी लिहायला बसते आणि टॅबच चाळत राहते.
— संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

आधी तुमची धास्ती घालवू, कारण ती असेपर्यंत पुढचं काहीच होणार नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि डी ही तीन बटणं एकत्र दाबा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स, तिन्हींत त्या विंडोतले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात. फोल्डरला आजची तारीख द्या. तिन्ही विंडोंसाठी हे एकेकदा करा. दोन मिनिटांत १४० पानांचे पत्ते तुमच्याजवळ राहिले. आता विंडो बंद केली तरी पत्ता हरवत नाही. तुमच्यासारख्यांना हे केल्यावर खुर्चीत मागे टेकून श्वास सोडताना मी पाहिलं आहे.

ही भीती तुमच्या एकटीची नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली याच विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक टॅब उघडे का ठेवतात, असा त्यांचा प्रश्न होता. डोळ्यांसमोरून गेलं की ते कायमचं गेलं, अशी भीती त्यांना वारंवार आढळली. टॅब म्हणजे राहिलेल्या कामाची आठवण, हेही एक मोठं कारण होतं. त्यांच्या एका पाहणीत जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांनी सांगितलं की टॅब फार झाल्यामुळे ब्राउझर किंवा संगणकच बंद पडला होता. तेव्हा स्वतःला अव्यवस्थित म्हणवून घेऊ नका. ब्राउझरनं टॅब दिला तो पान वाचण्यासाठी. आपण त्याच्यावर आठवण ठेवण्याचं आणि साठवण्याचंही काम टाकलं, आणि ते त्याला पेलत नाही.

आता मुख्य गोष्ट. एखादा टॅब आठवडाभर उघडा राहिला असेल, तर बहुतेक वेळा त्याच्यामागे न सुटलेला एक प्रश्न असतो. तुमच्याच विषयात पाहा. रोजगार हमी योजना कधी सुरू झाली? एका पानावर १९६५ दिसेल, दुसऱ्यावर १९७२, तिसऱ्यावर १९७७, चौथ्यावर १९७९. मग चारही टॅब उघडे राहतात, कारण कुणावर विश्वास ठेवावा ते कळत नाही. खरं तर चारही वर्षं आपापल्या जागी बरोबर आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात पहिला प्रयोग झाला तो १९६५ चा. राज्याची योजना म्हणून ती आली १९७२ मध्ये. कायद्याच्या नावात वर्ष आहे १९७७ : महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. आणि तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. या चार ओळी एका कार्डावर लिहिल्यात, प्रत्येकीपुढे कुठून मिळाली ते लिहिलंत, की चार टॅब बंद करता येतात आणि पुन्हा उघडावे लागत नाहीत. शिवाय त्या चार ओळी म्हणजे तुमच्या पहिल्या प्रकरणातला एक परिच्छेद आहे.

याला आपल्याकडे टाचण म्हणतात. शाळेतल्या शिक्षकांना पाठ टाचण हा शब्द रोजचा आहे. संशोधकांनी तो मागे टाकला याचं मला वाईट वाटतं. ग्रंथालयशास्त्र शिकत असताना आम्हाला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचा विभाग दाखवायला नेलं होतं. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली त्या कोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि त्यांच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. चिठ्ठीवर शब्द आणि तो कुठल्या ग्रंथात कुठे आला त्याचा संदर्भ. कपाटांच्या रांगाच्या रांगा त्या चिठ्ठ्यांनी भरलेल्या आहेत. दीड हजार ग्रंथ टेबलावर उघडे ठेवून हे काम कुणालाच जमलं नसतं. ग्रंथ वाचला, हवं ते चिठ्ठीवर आलं, ग्रंथ मिटून मांडणीत गेला. कोशाचा पहिला खंड यायला १९७६ उजाडलं, आणि तोवर पहिल्या दिवशी लिहिलेली चिठ्ठीही कामाची राहिली होती, कारण तिच्यावर संदर्भ होता.

तुमच्या टाचणात मी इतकं मागेन : वरच्या ओळीत प्रश्न, खाली उत्तर तुमच्या स्वतःच्या शब्दांत, मग लेखक, पानाचं किंवा दस्तऐवजाचं नाव, पृष्ठ क्रमांक, दुवा आणि पाहिल्याची तारीख. मूळ वाक्य जसंच्या तसं घेतलंत तर अवतरणचिन्हं त्याच क्षणी घाला. सहा महिन्यांनी ते वाक्य आपलं की दुसऱ्याचं हे आठवत नाही आणि प्रबंधात त्यातूनच अनर्थ होतो. टाचण कागदी कार्डावर करा, वहीत करा, वर्डच्या फाइलमध्ये करा. मला कागद आवडतो, पण तो माझा स्वभाव झाला. तुम्ही जे रोज उघडता त्यात करा.

बाकी टॅब कसे लावायचे? संकेतस्थळानुसार लावू नका. 'शासनाचे टॅब', 'वर्तमानपत्रांचे टॅब' अशी वर्गवारी दिसायला छान दिसते आणि लिहिताना उपयोगी पडत नाही. प्रश्नानुसार लावा. क्रोममध्ये टॅबवर उजवी क्लिक केली की तो नव्या गटात घालता येतो, गटाला नाव आणि रंग देता येतो, आणि नावावर क्लिक केलं की अख्खा गट मिटतो. ही सोय २०२० मध्ये आली. फायरफॉक्समध्ये २०२५ पासून एक टॅब दुसऱ्यावर ओढून ठेवला की गट तयार होतो. सफारीत २०२१ पासून गट आहेत. गटाचं नाव प्रश्नचिन्हासह लिहा : 'मजुरीचा दर कसा ठरला?', 'कामावर बायकांची संख्या जास्त का?'. 'रोहयो–इतर' या नावाचा गट काढू नका, सगळा पसारा त्यातच जाऊन बसतो. नाव देता येत नसेल तर तो टॅब कशासाठी उघडला होता हे तुम्हालाच आठवत नाही असं समजा, आणि बंद करा. पत्ता तारखेच्या फोल्डरमध्ये आहेच.

शोधाची पानं मात्र आधी बंद करा. तुमच्या १४० मध्ये गूगलच्या निकालांची पानं बरीच असणार, आणि तोच शासन निर्णय दोन-तीनदा उघडलेलाही सापडेल. निकालाचं पान ठेवण्यापेक्षा शोधलेले शब्द टाचणाच्या वहीत एका ओळीत लिहा, त्यापुढे तारीख. काय शोधून झालं आणि काय सापडलं नाही, याची नोंद प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात तुम्हाला लागेल.

एका वेळी एकच गट उघडा ठेवा. आज बसायचं ते मजुरीच्या दरावर. बाकीचे गट मिटलेले. संध्याकाळी उठताना त्या गटात जे टॅब उरले असतील, त्यांतल्या प्रत्येकाचं टाचण झालं का तेवढं पाहा. लिहायला बसताना ब्राउझर पूर्ण बंद करून फक्त टाचणं समोर घ्या. जिथे अडाल तिथे कंसात 'पाहणे' लिहून पुढे जा. तुमचे सर प्रकरण मागत आहेत, आणि प्रकरण टाचणांतूनच येईल.

मी निवृत्त आहे. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावाचा इतिहास लिहितो आहे. जुनी गॅझेटियर्स नेटवर मिळतात, ती टॅबमध्ये उघडून वाचतो. दहा-बारा टॅब झाले की लॅपटॉप गुदमरतो, पंखा जोरात फिरतो. लॅपटॉप ४ जीबीचा आहे. नवा घ्यावा का?
— नाशिक

लगेच घेऊ नका. तुमच्या लॅपटॉपवरचा भार टॅबच्या संख्येपेक्षा त्यांच्यात काय उघडलं आहे याचा असावा, असं मला वाटतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकचा खंड, म्हणजे १८८३ चा सोळावा, हा शेकडो पानांचा ग्रंथ आहे, आणि स्कॅन केलेल्या प्रतीत प्रत्येक पान म्हणजे एक छायाचित्र. असे चार खंड ब्राउझरमध्ये उघडे असतील तर ४ जीबी कुठे पुरणार?

ती फाइल एकदाच उतरवून घ्या आणि पीडीएफ वाचायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडा. फाइलला नाव नीट द्या : 'गॅझेटियर–नाशिक–खंड १६–१८८३'. गावाचा उल्लेख ज्या पृष्ठावर आहे तो आकडा वहीत लिहा. स्कॅनमधला पान-क्रमांक आणि छापील पृष्ठ क्रमांक बहुधा जुळत नाहीत, म्हणून दोन्ही लिहा. पुढे कुणी तुमचं पुस्तक पडताळून पाहील तेव्हा त्याला छापील क्रमांकच लागेल.

कुठला टॅब किती जागा खातो हे पाहायचं असेल तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, यादी समोर येते. क्रोम साधारणपणे वेगवेगळ्या संकेतस्थळांच्या टॅबना वेगवेगळी प्रक्रिया देतं. एक पान कोसळलं तरी बाकीची वाचावीत आणि एका पानानं दुसऱ्यात डोकावू नये, हा त्यामागचा हेतू. किंमत मेमरीत मोजावी लागते. त्यावर उपाय म्हणून सेटिंगमध्ये परफॉर्मन्स या भागात मेमरी सेव्हर आहे. तो चालू केलात की बराच वेळ न पाहिलेला टॅब झोपवला जातो आणि त्यावर परत गेलात की पान नव्यानं उतरतं. अर्धा भरलेला अर्ज असेल ते संकेतस्थळ मात्र तिथल्याच यादीत 'नेहमी चालू' म्हणून घाला.

टॅब झोपवण्यासाठी बाहेरची एक्स्टेन्शन्स घेऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. द ग्रेट सस्पेंडर नावाचं याच कामाचं एक्स्टेन्शन फार लोकप्रिय होतं. २०२० मध्ये ते मूळ कर्त्याकडून दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलनं ते काढून टाकलं. ज्यांचे टॅब त्याच्या ताब्यात झोपलेले होते, त्यांना ते परत मिळवताना फार त्रास झाला. एक्स्टेन्शनला तुमची सगळी पानं दिसतात. ब्राउझरमध्ये मुळातच सोय असेल तर तीच वापरावी.

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. चार-पाच शब्दकोश कायम उघडे ठेवावे लागतात. ते बाकीच्या टॅबमध्ये हरवतात आणि मी पुन्हा नवे उघडते. एकदा मोजलं तर मोल्सवर्थ सात वेळा उघडा होता.
— न्यू जर्सी

तुमचे टॅब रोजच्या हत्यारांसारखे आहेत, त्यांना बंद करा म्हणणार नाही. टॅबवर उजवी क्लिक करून पिन करा. तो आकसून डाव्या टोकाला जाऊन बसतो आणि चुकून सहजी बंद होत नाही.

पण त्याहून सोयीची एक गोष्ट आहे. तुम्ही जे कोश वापरता त्यांतले बरेच शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात एकत्र आहेत : मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, वझे यांचा १९११ चा कोश, आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश. त्यांतल्या एकात कुठलाही शब्द शोधा आणि निकाल आल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता नीट पाहा. तुमचा शब्द त्यात दिसेल. तो पत्ता कॉपी करून क्रोमच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिन या भागात 'साइट सर्च' म्हणून जोडा. शब्दाच्या जागी टक्क्याची खूण आणि तिला लागून इंग्रजी लहान एस लिहायचं, आणि एखादं लहानसं नाव द्यायचं, समजा 'मो'. मग पत्त्याच्या पट्टीत 'मो' लिहून टॅबचं बटण दाबलं आणि शब्द लिहिला की थेट कोशाचं पान उघडतं. टॅब आधी उघडा ठेवायची गरजच उरत नाही.

उघड्या टॅबमधून एखादा शोधायचा असेल तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट, ए. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत टक्क्याची खूण, मग एक मोकळी जागा, मग पानाच्या नावातला एखादा शब्द. एजमध्ये २०२१ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०२५ पासून टॅबची यादी डावीकडे उभी लावता येते. अनुवादकांना मी ती आवर्जून सुचवते, कारण उभ्या यादीत नावं पूर्ण वाचता येतात.

दाते-कर्वे पाहताना एक लक्षात ठेवा : मूळ सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले आहेत आणि पुरवणी १९५० ची. तिथे शब्द सापडला नाही याचा अर्थ तो मराठीत नाही असा होत नाही.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे. कुठली लेन्स घ्यावी यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते. चाळीस टॅब झालेत. जितकं वाचते तितकी गोंधळते, आणि आई विचारते, काय ठरलं?
— ठाणे

ताई, तुमच्या चाळीस टॅबमध्ये मुद्दे चाळीस नाहीत, पाच-सहाच आहेत, आणि तेच पुन्हा पुन्हा येत आहेत. एक कोरा कागद आडवा घ्या. डावीकडे मुद्दे लिहा : लांबचं कसं दिसेल, वाचताना चष्मा लागेल का, रात्रीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतील का, खर्च किती, विमा किती देईल. वर लेन्सचे प्रकार. आता टॅबमधून फक्त चौकटी भरा. मोनोफोकल लेन्स एका अंतरासाठी, बहुधा लांबच्या, स्पष्ट असते आणि वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्समुळे चष्म्याची गरज कमी होते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं जाणवतात. एका टॅबमधून नवी चौकट भरली गेली नाही तर तो बंद. असे आठ-दहा टॅब सलग गेले की वाचन पुरे झालं समजा.

ज्या चौकटी रिकाम्या राहतील ते डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. आईच्या डोळ्याचा पडदा, तिचा मधुमेह असेल तर तो, यांची उत्तरं इंटरनेटवर नाहीत, तिच्या तपासणीच्या कागदात आहेत. आणि आईला विचारा की तिला दिवसभरात सगळ्यात जास्त काय पाहावं लागतं : पोथी, शिवण, टीव्ही की रस्ता. तो मुद्दा चाळीसपैकी एकाही पानावर लिहिलेला नसेल. कागद घेऊन जा, फोन पिशवीत ठेवा, आणि आज रात्री झोपा.

मी गावाकडून बातम्या पाठवतो. सगळं काम मोबाइलवर. टॅबच्या चौकोनात आधी आकडा दिसायचा, आता हसरा चेहरा दिसतो. फोन बिघडला का?
— रत्नागिरी

बिघडलेला नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये टॅबची संख्या ९९ च्या पुढे गेली की आकड्याऐवजी ती खूण येते. आयफोनच्या सफारीत मर्यादा ५०० ची आहे.

मोबाइलवर टॅब वाढतात ते आपोआप, कारण व्हॉट्सॲपवरचा किंवा ईमेलमधला दुवा दाबला की बहुधा नवा टॅब उघडतो आणि जुना मागे राहतो. तेव्हा दुवा वाचून झाला की तिथल्या तिथे ठरवा. बातमीला लागणार असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवा, पण नुसता दुवा नको. सोबत एक ओळ लिहा : 'पाणी योजनेचा खर्च, परिच्छेद तिसरा, सरपंचांना विचारणे'. ओळीशिवाय पाठवलेल्या दुव्यांचा ढीग टॅबच्या ढिगाइतकाच निरुपयोगी होतो. सफारीत एक दिवस, एक आठवडा किंवा एक महिना झालेले टॅब आपोआप बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे, आठवडा पुरे.

तुमच्याकडे पावसात रेंज जाते, म्हणून हे महत्त्वाचं आहे : उघडा टॅब म्हणजे फोनमध्ये साठवलेलं पान नव्हे. बाहेर गेलात, रेंज गेली, टॅबवर परत आलात तर पान पुन्हा उतरायला जातं आणि काहीच दिसत नाही. सभेला किंवा पंचनाम्याला निघण्यापूर्वी लागणारं पान क्रोमच्या मेन्यूतल्या खाली बाणाच्या खुणेनं उतरवून घ्या. ते नेटशिवाय उघडतं.

अनेक वर्षं मी वाचायचं सगळं पॉकेटमध्ये टाकत होतो आणि टॅब बंद करत होतो. ते बंद झालं. आता कुणावर भरवसा ठेवायचा?
— पणजी

तुमचं दुःख मला कळतं, कारण तुम्ही टॅब बंद करण्याची शिस्त पाळलीत आणि जागाच गेली. २००७ मध्ये 'रीड इट लेटर' म्हणून सुरू झालेली ही सेवा पुढे पॉकेट झाली, २०१७ मध्ये मोझिलाकडे गेली आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद करण्यात आली.

पानांचंही तेच होतं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. आपल्याकडे एखाद्या खात्याचं संकेतस्थळ नव्यानं बांधलं की जुने दुवे मोडतात, हा प्रत्येक संशोधकाचा अनुभव आहे. म्हणून नुसता पत्ता ठेवणं पुरेसं नाही, जे खरंच लागणार आहे त्याची प्रत ठेवा.

यासाठी मी झोटेरो सुचवते. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास विभागाशी जोडलेल्या केंद्रानं २००६ मध्ये ते आणलं, विनामूल्य आहे, आणि संशोधकांनी संशोधकांसाठी केलेलं असल्यामुळे त्यात लेखक, तारीख, प्रकाशन अशा रकान्यांची काळजी घेतलेली आहे. ब्राउझरमधलं त्याचं बटण दाबलं की पानाची नोंद आणि पानाची प्रत तुमच्या स्वतःच्या संगणकावर येते. त्यांच्या सर्व्हरवर फुकट जागा ३०० एमबीच आहे, पण तुमच्या डिस्कवर तुम्हाला हवं तेवढं. एक इशारा : मराठी पानांवरून लेखकाचं नाव आणि तारीख ते नेहमी नीट उचलत नाही. नोंद झाल्याबरोबर एकदा वाचून हातानं दुरुस्त करा.

दुसरी प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोमधली ही संस्था १९९६ पासून वेबपानं जपते आहे. तिथे पानाचा पत्ता देऊन 'आत्ता जतन करा' म्हटलं की त्या तारखेची प्रत तयार होते आणि तिला स्वतंत्र दुवा मिळतो. लेखात तो दुवा दिलात तर वाचकालाही तेच दिसेल जे तुम्ही पाहिलंत. लॉगिन करून दिसणारी पानं मात्र तिथे जतन होत नाहीत, त्यांची पीडीएफ करून ठेवा.

मुलानं लॅपटॉप घेतला आणि माझी अख्खी विंडो बंद केली. तीन दिवसांचं काम गेलं.
— जळगाव

गेलं नसावं. मुलाला रागावण्याआधी ब्राउझर उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, टी दाबा. शेवटची बंद झालेली विंडो टॅबसकट परत येते. नाही आली तर कंट्रोल आणि एच दाबून हिस्टरी पाहा. क्रोममध्ये ती ९० दिवसांची असते. सेटिंगमध्ये 'सुरू करताना जिथे थांबलात तिथून पुढे' हा पर्याय निवडून ठेवा. काम इन्कॉग्निटो विंडोत केलं असेल तर मात्र ते परत मिळत नाही, कारण ती विंडो बंद झाली की ब्राउझर तिची नोंद ठेवत नाही.

आणखी काही पत्रं शिल्लक आहेत, त्यांची उत्तरं पुढच्या खेपेला देईन. कोल्हापूरच्या ताईंनी पहिल्या प्रकरणापुरती टाचणं झाली की मला जरूर कळवावं. बाकीच्यांना विनंती एवढीच : पत्रात किती टॅब उघडे आहेत हे नाही लिहिलंत तरी चालेल, त्यांत तुम्ही कशाचं उत्तर शोधता आहात ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्यावरून मला तुम्हाला नेमका संदर्भ सुचवता येतो.